पत्ता रिकामा नाही

रात्री साडेअकराला फाइल सोडली.
तिच्या शेपटाला 'वॉर' म्हणतात, युद्धाचं वॉर.
आत काय, तर नळाच्या वेळा:
जिन्सी नाला नंबर दोन, दौलतगंज, महाडिकांची गोठ.
तिघरा आटत गेलं की एक दिवसाआड,
मग दोन दिवसांआड.

सर्व्हर म्हणजे फार कुणी मोठा नाही.
ट्रस्टच्या हापिसात, कपाटामागे,
एका पायाखाली वीट दिलेल्या टेबलावर
पिवळा पडलेला डबा.
कूलरचं तोंड त्याच्याकडे, पाठ माझ्याकडे.
मे महिना, ग्वाल्हेर. हिशेब बरोबर आहे.

त्यावर चालतं ते सगळं फुकटातलं,
कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी
रात्री जागून लिहून ठेवलेलं.
सोबत स्वच्छ बजावलंय:
जसं आहे तसं घ्या, हमी कसलीच नाही.
सराफ्याच्या तोंडाशी पाणपोई आहे,
ती तरी कुठे हमी देते?
रांजणाचं फडकं ओलं असतं, एवढंच.

सर्व्हर उठला नाही.
एकच ओळ टाकून गप्प बसला:
पत्ता आधीच वापरात आहे.

ऐंशी-ऐंशीवर कोण बसलंय, विचारलं.
प्रक्रिया क्रमांक अकराशे बेचाळीस.
मालक: पागनीस.
सुरू होऊन दिवस: सातशे एकोणीस.

येत्या श्रावणात सरांना जाऊन दोन वर्षं होतील.
वीज गेली, आली, इन्व्हर्टरची बॅटरी बदलली,
आणि हे आपलं चालूच.
मला वाटलं होतं, कुणीतरी बंद केलं असेल.
कुणीतरी म्हणजे मी.

त्यांचा कोड उघडला.
एका फंक्शनच्या डोक्यावर मराठीत टीप:
इथे हात लावू नये. का ते आठवत नाही. य. पा.

मारायला एक ओळ पुरते.
नऊ नंबरचा सिग्नल आवराआवरीला वेळ देत नाही.
पंधराचा देतो.
पंधरा लिहिलं. पुसलं.
आधी लॉग पाहिला.

घड्याळ ग्रिनिचचं, साडेपाच तास मागे;
सरांनी ते कधी लावलंच नाही.
ओळी जवळजवळ नाहीतच.
फक्त रोज रात्री अकरा दहाला,
म्हणजे आपल्या पहाटे चार चाळीसला,
एकच पत्ता येतो, एकच पान मागतो:
वॉर्ड एकेचाळीस, आज.
आणि पान त्याला देतं
दोन वर्षांपूर्वीच्या जूनचं वेळापत्रक:
पाच ते पावणेसहा.
माणूस निघून जातो.
दुसऱ्या पहाटे परत.

यावर कुणी बादल्या मांडत असेल?
की वेळ पाठच आहे,
आणि हे नुसतं दार वाजवणं,
आतून 'ओ' येते का बघायला?

कुशवाह चहा घेऊन आला. "मॅडम, हो गया?"
"अंदर एक आदमी निकला," म्हटलं.
त्यानं खरंच कपाटामागे वाकून पाहिलं.

सरांचा जुना रस्ता नव्या दाराशी जोडायला
तीन ओळी लागल्या, आणि पाऊण तास.
मग पंधरा.
चार सेकंद काहीच नाही.
त्यानं उघड्या फाइली एकेक मिटल्या
आणि जाताना लिहिलं,
सरांनी कधीतरी लिहून ठेवलेलं,
कुणी वाचेल असं ज्यांना वाटलंही नसेल:
थांबत आहे. पाणी जपून वापरावे.

नवं वर आलं. सगळं ठीक होतं.
तरी घरी गेले नाही.

चार चाळीस.
वॉर्ड एकेचाळीस, आज.
उत्तर गेलं: आज पाणी नाही.

कूलरमधलं पाणी संपून
नुसता पंखा खडखडत होता.
एक मिनिट. दीड.

मग त्याच पत्त्यावरून,
सातशे एकोणीस दिवसांत कधी न आलेली
दुसरी मागणी:
वॉर्ड एकेचाळीस, उद्या.